कुष्ठरोग्यांना खरंच गावाबाहेर हाकलत का?

मध्ययुगीन युरोपचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: अर्धंच खरं आहे. त्यांना वेगळं ठेवत, पण वाऱ्यावर सोडत नसत.

इंग्लंडमधल्या डरहॅमजवळचं शेरबर्न घ्या. बिशप ह्यू द प्वीसे यांनी 1181 च्या सुमारास 65 कुष्ठरोग्यांसाठी तिथे आश्रम काढला. माणशी रोज एक पाव आणि एक गॅलन, म्हणजे साधारण साडेचार लिटर बिअर. आठवड्यातून तीन दिवस मांस, उरलेले चार दिवस मासे, चीज किंवा लोणी, दोघांत मिळून एक वाढप. वर्षाला तीन वार लोकरी कापड, शिवाय अंतर्वस्त्रांसाठी लिनन. गरिबाच्या घरी एवढं कुठलं मिळायला? नियम मोडणाऱ्याला आधी नुसत्या पाव-पाण्यावर ठेवत, आणि तरी सुधारला नाही तर आश्रमातून काढत. ती तिथली सर्वात मोठी शिक्षा!

असे आश्रम वेशीबाहेर, पण हमरस्त्याला लागून, पुलाजवळ असत, कारण ते बरेचसे भिक्षेवर चालत. हातातला लाकडी खुळखुळाही नुसता लोकांना दूर सारायला नव्हता. रोग घशात पसरला की आवाज बसतो, हाक मारून भिक्षा मागता येत नाही, म्हणून तो वाजवत.

निदानही उगाच कुणाच्या सांगण्यावरून मान्य होत नसे. भुवयांचे केस गळणं, नाक बसणं, आवाज घोगरा होणं, कातडी बधिर होणं, अशी बरीच लक्षणं एकत्र पाहत. 1468 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रेंटवुडच्या जोआना नाइटिंगेलवर शेजाऱ्यांनी आळ घेतला. राजवैद्यांनी तिला नखशिखांत तपासलं आणि रोग नाही असं लेखी दिलं.

मग क्रौर्य नव्हतंच का? होतं, आणि भयानक होतं. 1321 मध्ये फ्रान्समध्ये कुष्ठरोगी विहिरींत विष कालवतात अशी आवई उठली. छळ करून कबुल्या घेतल्या, कितीतरी जणांना जिवंत जाळलं. फ्रान्सचा राजा पाचव्या फिलिपने जूनमध्ये हुकूम काढून आश्रमांची मालमत्ता जप्त केली. आपलाही त्यावर हक्क आहे म्हणून सरदार आणि बिशप भांडू लागले, तेव्हा ऑगस्टमध्ये त्याला ती सोडावी लागली.