साडेदहा आणि साडेएकोणीस

फोन पंपासाठी आला होता. "दादा, पंप मधूनच गुरगुरतो, हवा ओढतो आणि पाणी फेकायचं थांबतो. सगळं नवं आहे. तीन आठवड्यांपूर्वीच आम्ही स्वतः स्विमिंग पूल बसवलाय." पंप हवा ओढतो म्हटलं की बहुतेक वेळा एखादा जोड सैल असतो, नाहीतर झाकणाखालचं रबर नीट बसलेलं नसतं. अर्ध्या तासाचं काम समजून मी नेहमीची हत्यारांची पेटी घेतली. पेट्रोलवर चालणारा छोटा पंप गाडीतच होता. तो त्या दिवशी बरोबर होता याचं मला आजही बरं वाटतं.

तिथे पोचलो तर दोन मुलं पाण्यात होती. मी पंपाकडे गेलोच नाही. खिशातला टेप काढला आणि तलावाभोवती चालत भिंतीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. एका बाजूला १०.५ सेंटीमीटर, बरोबर समोरच्या बाजूला १९.५. पाणी सपाटच असतं, त्यामुळे वाकडी होती ती भिंत, आणि तीही पूर्ण ९ सेंटीमीटरने. साडेपाच मीटर व्यासाच्या तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच सेंटीमीटरचा फरक ही आमच्या कामात शेवटची हद्द मानतात.

ज्यांनी असा तलाव जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जमिनीवर उभ्या करायच्या या तलावाची भिंत म्हणजे गुंडाळी करून खोक्यातून येणारा पातळ पत्रा. खालच्या गोल पट्टीत तो उभा करायचा, दोन्ही टोकं बोल्टने जोडायची, आत लायनर, म्हणजे पाणी धरणारं प्लॅस्टिकचं अस्तर, सोडायचा, बाहेरून खांब लावायचे. पाहणाऱ्याला वाटतं की पाणी खांबांनी अडवलंय. खरं तर सगळा भार त्या पत्र्याच्या गोलाईवर असतो. पाणी बाहेर ढकलतं आणि पत्रा लाकडी पिंपावरच्या लोखंडी कडीसारखा चहूकडून सारखा ताणला जातो. हा ताण सारखा आहे तोवर पातळ पत्राही २५ टन पाणी धरून ठेवतो. या तलावात साधारण तेवढंच पाणी होतं, २५,००० लिटर.

खोल बाजूला, म्हणजे जिथे भिंत खचली होती तिथे, वाकून पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. पत्र्याच्या तळाशी लायनर बोटभर बाहेर डोकावत होता, निळा आणि तट्ट फुगलेला. खालची माती धुपून तिथे पोकळी झाली होती. वर भिंतीला दोन लाकडी टेकू लावलेले होते.

"मुलांना आधी बाहेर काढा," मी म्हणालो. "उड्या नको, पळापळ नको. हळूहळू शिडीपर्यंत येऊ दे." नशिबाने शिडी वरच्या बाजूला होती. धाकटी रडवेली झाली. मला ते दिसत होतं, पण त्या क्षणी समजावत बसायला वेळ नव्हता. ती दोघं आणि त्यांची आई घरात गेल्यावर पहिल्यांदा पंपाचा वीजपुरवठा घरातूनच बंद करायला लावला, कारण एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या गवतात पडलेला होता. गळती पकडून वीज तोडणारी आरसीसीबीही त्या लाईनवर नव्हती.

"पंपाचं काय मग?" तलावाच्या मालकांनी विचारलं. वयाने माझ्याएवढेच होते. मी त्यांना स्किमर दाखवला. स्किमर म्हणजे भिंतीतली ती खिडकी, जिच्यातून वरचं पाणी पंपाकडे जातं. तो होता उंच बाजूला. त्या बाजूला पाणी मुळातच कमी, म्हणून खिडकी धड बुडत नव्हती आणि पाण्याबरोबर हवा आत जात होती. त्यांना इतकं कळलं होतं की पाणी कमी पडतंय. म्हणून दर दोन दिवसांनी ते पाण्याचा पाईप सोडत होते. स्किमरपाशी पाणी वर आलं की खचलेल्या बाजूलाही तेवढंच चढत होतं, भार वाढत होता, ती बाजू आणखी खचत होती, आणि पंप पुन्हा हवा ओढत होता. तीन आठवडे हेच चक्र चाललं होतं. पंपात काहीच बिघाड नव्हता. त्या पंपाने गुरगुर केली नसती तर मला कोणी बोलावलंच नसतं.

माझा पंप वरच्या बाजूने पाण्यात सोडला आणि त्याचा पाईप खोल बाजूपासून लांब, उताराच्या पलीकडे नेऊन टाकला. खचलेल्या बाजूला कोणी फिरकायचं नाही असं बजावलं. टेकू काढायला ते पुढे झाले तेव्हा त्यांना थांबवलं. टेकू लावणं ही चूकच, कारण सगळा दाब त्या एका जागी येऊन पत्रा आत चेपतो. पण एकदा भिंत टेकूवर रेललेली असली की पाणी उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पहिले ३० सेंटीमीटर पाणी उतरायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी एका जागी बसू शकलो नाही. भिंतीवरचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो आणि तसाच उतरतो. त्यामुळे तेवढं पाणी गेलं की जोर जवळपास निम्म्यावर येतो, मग श्वास घेता येतो. याच हिशोबाने ९ सेंटीमीटरचा फरकही वाटतो तेवढा लहान नव्हता. खोल बाजूच्या पत्र्यावर उथळ बाजूपेक्षा १८ टक्के जास्त जोर होता, आणि नेमकी त्याच बाजूची जमीन पोकळ झालेली.

पाणी उतरत असताना त्यांनी मला तो प्रश्न विचारला जो मला जवळजवळ प्रत्येक अशा घरी ऐकावा लागतो. "तेवढीच बाजू जॅक लावून उचलली तर?" नाही उचलता येत. पाणी असताना तर मुळीच नाही, आणि पाणी काढल्यावर खांब उचलला तरी त्याखालची माती तीच राहते. सगळं उतरवावं लागेल, असं मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. दोन आठवड्यांच्या सुट्ट्या त्यांनी यात घातल्या होत्या. मुलांनी घमेल्यांनी माती टाकायला मदत केली होती. दुसऱ्याच्या हातचं काम मोडायला सांगणं हा या धंद्यातला मला सगळ्यात जड जाणारा भाग आहे. गोड बोलून तो हलका करता येत नाही, आणि करूही नये असं माझं मत आहे.

माती त्यांनी टाकली होती, आणि मूळ चूक तिथेच होती. अंगणाला एका बाजूला सुमारे ३० सेंटीमीटर उतार होता. त्यांनी सखल बाजूला भराव टाकून ती वर आणली. "चांगली धुम्मसाने चोपली होती हो," ते कळवळून म्हणाले. चोपलीही असेल. पण एक मीटरच्या वर खोल पाणी दर चौरस मीटरला टनापेक्षा जास्त भार टाकतं. त्यात बाहेर उडालेलं पाणी मुरलं, की घरी चोपलेली भरावाची माती बसणारच. म्हणून तलावासाठी जमीन सपाट करताना सखल बाजू भरायची नाही, उंच बाजू खोदून खाली आणायची. कष्ट कितीतरी जास्त. पण हजारो वर्षं दबलेली मूळ जमीन तीन आठवड्यांत ९ सेंटीमीटर खाली जात नाही.

दुपारपर्यंत तळ दिसला. वरच्या पट्ट्या उतरवल्या, लायनर सोडवला. लायनरखाली गवत तसंच होतं, कुजून उग्र वास मारत होतं. त्यातून लव्हाळ्याचे टोकदार कोंब वर येऊन लायनरला टेकले होते. लव्हाळा लायनर आरपार भोसकतो, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. इथे दोन कोंब अर्धे रुतलेले मी त्यांना बोट लावून दाखवले. भिंतीच्या आतल्या कडेने मातीचा उतरता बांध घातलेलाच नव्हता. तो बांध असता तर लायनर पत्र्याखालून बाहेर आला नसता. खांबांखाली फरश्या होत्या, पण जमिनीत बसवलेल्या नव्हत्या, भरावावर नुसत्या ठेवलेल्या, आणि तीन खांबांखाली तर नव्हत्याच.

मग मी भिंतीच्या जोडावरची चिकटपट्टी सोलली.

पत्र्याच्या दोन टोकांना बोल्टसाठी ४६ भोकं होती. बोल्ट होते २३. एक सोडून एक. एवढ्या मोठ्या तलावात त्या एका उभ्या जोडावर सुमारे दीड टनाची ओढ असते. ती निम्म्या बोल्टवर आलेली. बोल्टची भोकं गोल उरली नव्हती, खालच्या अर्ध्या भागातली सगळी लांबट झाली होती आणि शेवटच्या दोनाशी पत्र्याला केसाएवढी चीर होती. लायनर तळातून फाटला असता तर पाणी वाहून गेलं असतं. हा जोड सुटला असता तर पत्रा चाबकासारखा उलगडला असता, आणि आत जो कोणी असता तो पाण्याबरोबर त्या पत्र्याच्या धारेवर आला असता. सकाळी आत दोन मुलं होती.

मी काही बोललो नाही. भोकं त्यांनी स्वतःच पाहिली. ते उठले, शेडमध्ये गेले आणि प्लॅस्टिकची एक लहान पिशवी घेऊन आले. उरलेले २३ बोल्ट, नट आणि वायसर. "त्या दिवशी अंधार पडत आला होता," ते म्हणाले. "भिंत उभी राहिलेली मुलांना दाखवायची होती. म्हटलं बाकीचे उद्या लावू. दुसऱ्या दिवशी लायनर टाकला आणि..." बोल्टची गुळगुळीत डोकी आतल्या बाजूला येतात. लायनर टाकला की ती त्याच्यामागे दडतात. विसरायला तेवढं पुरतं. त्यांच्या हातातली पिशवी हलत होती. मी ती घेतली आणि पायरीवर ठेवली.

तो पत्रा पुन्हा उभा करायचा नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. ताणलेली भोकं ठोकून गोल करता येत नाहीत, आणि टोक कापून नवीन भोकं पाडली तर घेर कमी होऊन तो खालच्या पट्टीत बसत नाही. लायनरही गेला, कारण स्किमरसाठी कापलेलं त्याचं तोंड नव्या जागी जुळलं नसतं. खांब, पट्ट्या, फरश्या, शिडी, पंप एवढं सगळं वाचलं. त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही.

नवा पत्रा येईपर्यंत जमीन केली. मध्ये खुंटी ठोकली, दोरीने घेर आखला, सगळा भराव उपसून टाकला आणि उंच बाजू खोदत सखल बाजूच्या मूळ जमिनीपर्यंत आणली. दोन दिवस कुदळ-फावडी चालली. खुंटीभोवती सरळ फळी फिरवत तिच्यावर पाणसळ ठेवायची आणि शेवटी पारदर्शक नळीत पाणी भरून बाराही खांबांच्या जागा तपासायच्या, ही जुन्या गवंड्यांची पद्धत मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. लव्हाळ्याच्या गाठी एक एक खणून काढल्या. वरच्या बाजूने पावसाचं पाणी येऊ नये म्हणून चर मारला. फरश्या जमिनीच्या बरोबरीने बसवल्या. मग चाळलेली वाळू, आणि भिंत उभी झाल्यावर आतून २० सेंटीमीटरचा बांध, ओल्या मातीचा, थापीने घोटून.

बोल्ट त्यांनी स्वतः लावले, सगळे ४६. मी बाहेरून नट धरत होतो, ते आतून मोजत होते, मोठ्याने. विजेची लाईन इलेक्ट्रिशियनकडून नवी टाकून घेतली, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह. भिंत, पंप आणि शिडी तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून घेतली. हे होईपर्यंत पाण्यात कोणी पाय घालायचा नाही, ही माझी अट होती.

लायनर उन्हात मऊ करून सोडला. बोटभर पाणी झाल्यावर पाईप बंद केला आणि अनवाणी पायांनी मधून कडेकडे सुरकुत्या सरकवत गेलो, कारण पाणी वाढलं की सुरकुती जागची हलत नाही. धाकटीला त्या कामात घेतलं. तिचे पाय माझ्यापेक्षा नीट चालत होते. स्किमरचं तोंड पाणी त्याच्या जरा खाली पोचल्यावरच कापलं, तोवर लायनर ताणून आपल्या जागी बसलेला असतो.

रात्रभर पाणी भरत राहिलं. सकाळी मी पोचलो तेव्हा ते तलावाभोवती फिरत होते, हातात टेप. मी काही न बोलता उभा राहिलो. प्रत्येक खांबापाशी थांबून त्यांनी वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजलं. १५, १५, १५. अकरा ठिकाणी १५ भरले, एका ठिकाणी १५.५. त्या खांबापाशी ते परत गेले, गुडघ्यावर बसले आणि टेप पुन्हा लावला.