सावद्याची एसएलके आणि केळीचा चीक

दोन सीटच्या गाडीत ड्रायव्हर सीटची बाहेरची कड सगळ्यात आधी जाते. गाडी जमिनीला टेकलेली. माणूस आत बसत नाही, घसरतो, आणि उतरताना त्याच कडेवर सगळा भार टाकून उठतो. सावद्याच्या एका केळीवाल्या शेठची मर्सिडीज एसएलके माझ्या सीटकामाच्या दुकानात आली तेव्हा ती कड पार उघडी पडली होती. वरचा रंग गेलेला, खाली कातड्याचे तंतू, एका जागी फोम दिसत होता.

गाडी २००६ ची, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. एसएलकेची ही दुसरी पिढी २००४ मध्ये आली. पत्र्याचं छत बटणावर २२ सेकंदांत डिकीत जाऊन बसतं. पण आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री, छत उघडतंय कोण? त्यात हिला एअरस्कार्फ. सीटच्या वरच्या भागात एक जाळी असते, त्यातून मानेवर गरम हवा येते. थंड मुलखात छत उघडून हिंडता यावं म्हणून मर्सिडीजने याच गाडीपासून ही सोय सुरू केली. आमचे आबा दुकानात खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांनी जाळीत बोट घातलं, "हाई काय शे भो?" सांगितलं तर म्हणाले, "जळगावमा? मे महिनामा?" मग जो येईल त्याला बोलावून ती जाळी दाखवत बसले.

शेठचं म्हणणं, "सगळं नवं टाक भाऊ, लालभडक." मी नाही म्हटलं. जळगावात अजिंठा रोडला दुकान टाकल्यापासून बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर हीच माझी रोजची कामं, आणि तिथे मी सांगाल तो रंग घालतो. पण या सीटचा मधला भाग, पाठ, शेजारची अख्खी सीट धडधाकट होती. चांगलं कातडं फाडून टाकायला माझा हात धजत नाही. कड, दरवाज्याचं हँडरेस्ट आणि गियरचा बूट, म्हणजे गियरच्या दांड्याभोवतीचं कातडी कव्हर, एवढंच बदलायचं ठरलं.

हँडरेस्टची गोष्ट खास आपल्या भागातली. शेठ केळीच्या मळ्यातून थेट गाडीत बसतात. घड कापताना उडालेला चीक बाहीला, कोपराला असतोच. गाडीच्या कातड्यावर रंगाचा आणि त्यावर संरक्षक थर असतो. तो शाबूत असेल तोवर ओल्या फडक्याने चीक निघतो. उन्हाने त्या थराला भेगा पडल्या की चीक आत उतरतो आणि हवा लागून काळपट तपकिरी होतो. सदऱ्यावरचा केळीचा डाग ज्याने घासून पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. त्यात घरच्यांनी वर खोबरेल चोळलेलं. थर शाबूत असेल तिथे तेल काही आत जात नाही, धूळ मात्र धरून ठेवतं.

सीट काढण्याआधी बॅटरी सोडली आणि गाडी तशीच थोडा वेळ राहू दिली. सीटखालची पिवळी सॉकेटं एअरबॅगच्या वायरिंगची, चालू बॅटरीवर त्यांना हात लावायचा नसतो. मग तारेच्या कड्या कापून कव्हर सोडवलं आणि फक्त कडेची शिलाई उसवली.

आता मापाचा प्रश्न. बरेच कारागीर जुना तुकडा ठेवतात, त्याभोवती पेन फिरवतात आणि कापतात. पण ती कड वर्षानुवर्षं दाबली जाऊन ताणलेली असते. त्यावर कापलेला तुकडा मोठा निघतो आणि बसवल्यावर सुरकुत्या पडतात. मी शेजारच्या सीटची बाहेरची कड उसवली, तिचा फर्मा काढला आणि उलटा करून वापरला. शेजारी फारसं कोणी बसलेलंच नसल्याने तिचं माप अजून कारखान्यातलं होतं. कडेवरच्या, दोन तुकडे जुळवायच्या खाचाही तशाच उतरवल्या, नाहीतर गोलाईवर टाका एकीकडे सरकतो.

कातडं धारावीहून आणलं, साधारण सव्वा मिलिमीटरच्या आतलं, बारीक दाण्याचं. कण्याजवळचा भाग घट्ट असतो, तो कडेला वापरला. पोटाकडचा ढिला भाग ताणतो, तो कडेला लावला तर लवकरच झोळ पडेल. गियरच्या बुटाला मात्र तोच मऊ, आणखी पातळ करून. शिलाईत जाणाऱ्या कडा आबांनी रापीने छिलून दिल्या. मशीनने छिललेलं मलाही जमतं, पण आबांच्या हाताची कड बोटाला लागत नाही.

रंगावरून शेठशी पुन्हा वाद. त्यांना मूळ बेज हवा होता, जो हेडरेस्टच्या खाली, ऊन न लागलेल्या जागी अजून दिसतो. मी शेजारच्या उडालेल्या रंगाशी जुळवला. मूळ रंग लावला असता तर एवढंच ठिगळ उठून दिसलं असतं.

दोरा पॉलिस्टरचा घेतला. नायलॉन ओढायला मजबूत, पण उन्हात लवकर मरतो. हँडरेस्टला साधं रबर सोल्युशन चालत नाही. बंद गाडीत उन्हात डॅशबोर्ड सत्तर डिग्रीच्या पुढे जातो, दरवाजाही चांगलाच तापतो, मग कोपऱ्यातून कातडं उचलायला लागतं. उष्णता सोसणारा बाँड महाग पडतो. बिलात त्याची वेगळी ओळ लिहिली, तरी शेठनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

सीट बसवली, सॉकेटं जोडली, शेवटी बॅटरी. एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. शेठ त्या कडेवरून दोनदा चढले-उतरले आणि पैसे मोजताना विचारलं, "चीक परत लागला तर?"

म्हटलं, वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसा. खोबरेल घरात ठेवा. आणि मळ्यात जाताना बोलेरो न्या.

"बोलेरोचा एसी बंद शे," म्हणाले.