तुम्ही विचारलंत म्हणून: बेसच का?

बेळगावात कुठलाही कार्यक्रम झाला की कुणीतरी गाठतंच. "काय ओ, हातात गिटार होती, पण तुमचा आवाज काय आला नाही. सोलो कधी वाजवणार?"

सोलो वाजवायचा नाही. मला पहिल्यापासून बेसच, म्हणजे खालच्या सुरांची चार तारांची गिटारच, आवडते.

आवाज आला नाही, यात तुमचं काही चुकत नाही. बेसच्या चार तारा साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला तो काढताच येत नाही, आणि आपण गाणी ऐकतो मोबाईलवर. पण मंडपात चांगले स्पीकर असले की तोच सूर आधी छातीला लागतो. मी थांबलो की गाणं पोकळ होतं. डग्गा बंद करून नुसती चाट वाजत राहावी तसं. भजनाला बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

वाजवताना माझी नजर ड्रमरच्या उजव्या पायावर असते. किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, ठोका आणि माझी तार एकदम पडली पाहिजे. किंचित मागे राहिलो तरी गायकाची मान वळते. काय बिघडलं ते त्यालाही सांगता येत नाही.

माझा माणूस म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवाला जॉन डीकन. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीची शाळा पाचगणीची, त्यामुळे पुण्याला जाताना वाईचा फाटा आला की आमच्या गाडीत मर्क्युरीचं नाव निघतंच. डीकनचं कुणी काढत नाही. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो बँडमध्ये आला. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. कुणीतरी टाकून दिलेल्या सर्किट बोर्डापासून त्यानं छोटा ॲम्प्लिफायर बनवला, आणि बँडचा गिटारवाला ब्रायन मेनं तो क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षं वापरला. १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' यानंच लिहिलं. ते गाणं उभंच आहे बेसवर. १९९१ मध्ये मर्क्युरी गेला. त्यानंतर डीकनचं मन रमेना आणि १९९७ नंतर तो संगीतातून बाहेर पडला. मे आणि ड्रमर रॉजर टेलर पुढं क्वीनच्या नावानं दौरे करू लागले, हा आला नाही. मित्राशिवाय वाजवायचं नाही, हे ठरवून ते इतकी वर्षं पाळणं मला फार मोठं वाटतं.

पोटाचं विचाराल तर आठवडाभर उद्यमबागेत नोकरी, आणि शनिवारी बोलावणं असलं की चोर्ला घाटातून गोवा. आमच्या भागात गिटारवाले ढीगभर, बेसवाले मोजके, त्यामुळे बोलावणी येत राहतात.

पुढच्या वेळी आलात तर ड्रमच्या बाजूला, स्पीकरजवळ उभे राहा. तरीही नाही ऐकू आलं तर सांगा, साउंडवाल्याकडून बेस थोडा वाढवून घेऊ.