तीळ

मंगळवार, रात्री

व्हिसासाठी काढलेले माझे आठ फोटो टेबलावर पडलेत आणि मी संध्याकाळपासून त्यातल्या बाईकडे बघत बसलेय. बाई बरी आहे. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, झोप पूर्ण झालेली. गालावर तीळ नाही.

स्टुडिओतल्या त्या मुलाने काढून टाकला. मला न विचारता. मी पर्समध्ये सुटे शोधत होते, तेवढ्या वेळात.

घरी येऊन पाकीट उघडलं तर आधी वाटलं, वा, छान आलाय. (इथे खोटं कशाला लिहू.) मग काहीतरी सुटल्यासारखं वाटायला लागलं. चुलीवर दूध ठेवून आल्यासारखं. पुन्हा बघितलं तेव्हा कळलं. रोज सकाळी आरशात आधी तीळ दिसतो, मग मी.

ह्यांना दाखवला. चष्मा लावून, उजेडात धरून बघितला. "चांगला आलाय की." आक्काला पाठवला, तिचा अंगठा आला. मुक्ताने लिहिलं, "आई, कसली गोड दिसतेयस!"

तिघं. ३१ वर्षं, ५८ वर्षं, आणि पोटातले नऊ महिने धरून २७ वर्षं. एकाच्याही लक्षात आलं नाही.

तसा तीळ काही मोठा नाही. पण मसुराएवढा तरी आहे.

रात्री बाबांकडचा चर्चिलचा फोटो आठवला. बाबांच्या स्टुडिओतल्या डार्करूमच्या दाराला आतून चिकटवलेला असायचा, मासिकातून कापलेला, हायपोचे, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचे, डाग पडलेला. खाली बाबांच्या शाईत लिहिलेलं: कार्श, ओटावा. कितीतरी वर्षं मला वाटायचं की त्या रागावलेल्या टकल्या माणसाचंच नाव कार्श.

बाबा कार्शबद्दल असं बोलायचे, जणू तो लांबच्या नात्यातला. तो फोटो काढणारा युसुफ कार्श, १९०८ चा, मार्दिनचा. तेव्हा तिथे तुर्कांचं राज्य, आणि हे घर आर्मेनियन. कत्तली बघितल्या, बहीण उपासमारीने गेली, उरलेले अलेप्पोला पळाले. पोराला पाठवलं कॅनडात शेरब्रुकला, मामाकडे. त्याला व्हायचं होतं डॉक्टर, पण मामाचा होता स्टुडिओ. "मामाचा दवाखाना असता तर?" असं म्हणून बाबा थांबायचे. मामाने भाच्याला शिकायला बॉस्टनला गारो नावाच्या फोटोग्राफरकडे धाडलं आणि १९३२ मध्ये त्याने ओटावात स्वतःचा स्टुडिओ थाटला.

मग यायची सिगारची गोष्ट. ती बाबा उभं राहून सांगायचे.

३० डिसेंबर १९४१. चर्चिल कॅनडाच्या संसदेत भाषण ठोकून सभापतींच्या दालनात येतात. कार्श ३३ वर्षांचा. आदल्या संध्याकाळीच दिवे आणि कॅमेरा लावून ठेवलेले. फोटो काढायचाय हे चर्चिलना कोणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे आधी वैतागले, मग म्हणाले, बरं, एक काढ. आणि सिगार पेटवली. कार्शने रक्षापात्र पुढे केलं. सिगार तोंडातच. तो कॅमेऱ्याकडे गेला, सगळं ठीकठाक केलं, वाट बघितली. सिगार तोंडातच. शेवटी परत पुढे आला, "माफ करा" म्हणाला आणि सिगार ओठांतून सरळ उपटली. कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत चर्चिल त्याला खाऊ की गिळू असं बघत होते. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

इथे बाबा अंगठा दाबून दाखवायचे.

जगाने त्या चेहऱ्यात हिटलरपुढे न वाकणारं इंग्लंड बघितलं. इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर २०१६ पासून तोच चेहरा आहे. आणि होतं काय? तर एका म्हाताऱ्याची सिगार कोणीतरी काढून घेतली होती.

म्हणजे कार्शनेही विचारलं नव्हतंच. एक काढून घेतो तर त्याला अजरामर म्हणायचं आणि दुसरा काढून घेतो तर मी रात्रीचे साडेअकरा वाजवतेय. फरक आहे, असायलाच हवा. कार्शने आड येणारं काढलं आणि माणूस बाहेर आला. ह्या पोराने

काय माहीत. कदाचित त्यालाही वाटलं असेल की तीळ आड येतोय.

त्याच बैठकीत कार्शने आणखी एक फोटो काढला होता, हसऱ्या चर्चिलचा. राग ओसरल्यावर त्यांनी आणखी एक काढू दिला, वर हस्तांदोलन करून म्हणाले की तू डरकाळ्या फोडणाऱ्या सिंहालाही फोटोसाठी गप्प उभं करशील. 'रोअरिंग लायन' हे नाव त्यावरून पडलं. हसरा फोटो बाबांनी कधी दाराला लावला नाही. तोही खराच माणूस होता ना? सिगार गेलेली असूनही हसणारा?

पण खरी मला झोंबतेय ती दुसरीच गोष्ट. ही बाबांना माहीत असणं शक्य नव्हतं. ओटावातल्या शातो लॉरिए हॉटेलात कार्शचा कित्येक वर्षं स्टुडिओ होता, राहायचाही तिथेच. त्याने दिलेली त्या फोटोची सही केलेली प्रत तिथे भिंतीवर होती. २०२१ च्या नाताळापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी कोणीतरी ती उतरवली आणि जागेवर नक्कल लावली. ऑगस्टमध्ये हॉटेलातल्या एका माणसाचं लक्ष गेलं, तेही चौकटीकडे. बाकीच्या चौकटींशी जुळत नव्हती म्हणून! मग सही बघितली, ती बनावट. अस्सल प्रत २०२४ मध्ये इटलीत सापडली. ज्याने विकत घेतली होती, त्यालाही ती चोरीची आहे हे ठाऊक नव्हतं.

आठ महिने. आठ महिने माणसं त्या भिंतीसमोरून चहाला, जेवायला, सामान ओढत गेली असतील. चर्चिल आहे ना? आहे. चला.

आई आहे ना? आहे.

आणि ह्याच कार्शने १९५४ मध्ये फ्रान्समधल्या प्राडजवळच्या एका जुन्या मठात चेलो वाजवणाऱ्या पाब्लो कासाल्सचा फोटो काढला, तोही पाठमोरा. एक माणूस, त्याचा चेलो, उघडी भिंत, वर एक लहानशी खिडकी. तोंडच नाही, तीळबीळ तर सोडाच. बॉस्टनच्या संग्रहालयात तो लावलेला असताना एक म्हातारा रोज येऊन त्याच्यापुढे उभा राहायचा म्हणे, आणि का म्हणून विचारलं तर "गप्प बसा, मी ऐकतोय" म्हणाला. पाठीवरून ओळखलं लोकांनी. माझी पाठ ओळखेल कोणी?

हे जरा जास्तच झालं. पाणी पिऊन आले.

पाणी पिताना बाबांची पेन्सिल आठवली. सुईसारखं टोक काढलेली. निगेटिव्ह तिरक्या काचेवर लावायचे, खालून आरशाचा उजेड, आणि डोळ्याला भिंग लावून एकेक ठिपका देत बसायचे. निगेटिव्हवर शिसं लागलं की छापताना तेवढी जागा उजळ येते. मुलीकडचे 'दाखवायचा' फोटो काढायला यायचे. देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या पेन्सिलीने जायचं. कोणाला विचारायचे नाहीत. त्यासाठीच तर लोक आमच्याकडे यायचे.

दारावर कार्श आणि टेबलावर पेन्सिल. दोन्ही एकाच खोलीत.

माझा तसला फोटोही बाबांनीच काढला होता. त्यात तीळ आहे की नाही? आठवत नाही. अल्बम आक्काकडे. आता एवढ्या रात्री विचारलं तर सकाळी भावजींचाच फोन येईल.

झोपायच्या आधी एका फोटोवर बॉलपेनने बारीक ठिपका दिला, जिथे असायला हवा तिथे. आता बाई जरा ओळखीची वाटते.

बुधवार

व्हिसाच्या सूचना नीट वाचल्या. फोटोत फेरफार चालत नाही असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे भांडायला सरकारी कारण मिळालं. अकरा वाजता गेले.

मुलगा गरीब आहे. "सगळ्यांचेच काढतो काकू, नाही काढले तर लोक परत येतात."

"मी काढलास म्हणून परत आलेय."

तो हसला. दोनदा खटखट केलं, पडद्यावर मी आले. डोळ्यांखाली पिशव्या, कपाळावर आठी, अगदी सिगार काढून घेतल्यासारखी. आणि तीळ. पण भलत्या बाजूला!

मी म्हटलं, "अरे, परत लावायचा तर नीट लाव. इकडे नाही, तिकडे आहे तो," आणि पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली.

त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. "काकू, मी काहीच लावलेलं नाही. हा कॅमेऱ्यातून आलाय तसाच आहे."

त्याच्यामागे गिऱ्हाइकांसाठी आरसा आहे, कंगवा बांधलेला. मी आरशात बघितलं, मग पडद्यावर. ५८ वर्षं मी ज्या बाईला ओळखते ती आरशातली, उलटी.

"आठ प्रती?" त्याने विचारलं.

"आठ," म्हटलं.

घरी येऊन बॉलपेनवाला फोटो काढून बघितला. ठिपका अर्थातच चुकीच्या गालावर. फाडणार होते, पण ह्यांच्या पाकिटात माझा जुना फोटो असतो त्या जागी सरकवून ठेवलाय. मी आठ महिने धरून चालले आहे.