शिक्षक चांगले की वाईट, हे कुणाला विचारायचं?

(माजी विद्यार्थिनी, एस.एस.सी. १९८२)

तिथीवरून पूर्ण भरतीची वेळ कशी काढायची, हे मी आठवीत शिकले. भूगोलाचा तास होता. सरांनी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण फळ्यावर काढून दाखवलं आणि विचारलं, "उद्या आपल्या खाडीला भरती किती वाजता येईल?" नौपाड्यात, पाचपाखाडीत वाढलेली आम्ही सगळी ठाण्याची मुलं, पण कुणाला सांगता येईना. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. चेंदणी कोळीवाड्यातून स्टेशन ओलांडून शाळेत यायचा. वडील खाडीत मासेमारी करायचे. म्हणाला, "उद्या चवथ हाय सर. तीन वाजता पुरी भरती."

सरांनी त्याच्या हातात खडू दिला. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पुस्तकात होतं की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि पाऊणपटीचा हिशेब पंचेचाळीस मिनिटांचा. सरांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. दिवसभरात चंद्रही पुढे सरकतो, म्हणून पृथ्वीची एक फेरी झाली तरी त्याला गाठायला आणखी पन्नासेक मिनिटं लागतात, हे समजावलं आणि म्हणाले, "हेच गणित यांच्या घरात घड्याळाशिवाय, पंचांगावर चालतं."

त्याच रविवारी अष्टमी होती. सर आम्हाला मीठबंदराच्या बाजूला खाडीवर घेऊन गेले. हिशेबाप्रमाणे बाराच्या सुमाराला पाणी पार उतरायला हवं होतं, पण बारा वाजून गेले तरी ते उतरतच होतं. खाडीच्या टोकाला पाणी चढतंही उशिरा आणि उतरतंही उशिरा, हे त्या मुलानंच सांगितलं. मग चिखल उघडा पडला आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारायला लागल्या. सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि तो बोलला ते टिपून घेतलं. शिक्षक विद्यार्थ्याचं बोलणं लिहून घेतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

याच मुलाचं त्याच वर्षी मराठीच्या तासाला काय होत होतं, तेही लिहायला हवं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अशा गोष्टी लिहीत नाहीत, आणि मराठीच्या त्या बाई आता हयातही नाहीत. तरी लिहिते, कारण बाईंचं माझ्यावर मोठं ऋण आहे आणि ते फेडायच्या नावाखाली अर्धंच सांगणं मला पटत नाही.

बाई शिकवायच्या फार सुंदर. वृत्तं त्यांनी आम्हाला पाठ करायला लावली नाहीत, म्हणायला लावली. भुजंगप्रयाताचे चार 'य' गण बाकावर ठेका धरून म्हटल्यामुळे आजही कवितेची ओळ वाचताना माझी बोटं आपोआप चालतात. निबंधाखाली त्या लाल शाईत अर्धं पान लिहायच्या: हे वाक्य सैल पडलंय, हा शब्द तुझा नाही, कुणाचा तरी उचललेला आहे. सुट्टीत त्यांनी मला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेलं. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आपल्या गावात आहे, याचा त्यांना केवढा अभिमान होता! माझं नाव त्यांनीच तिथे घातलं. पुढे मी मुद्रितशोधनाचं काम धरलं, त्यावर संसार केला. त्याची पहिली शिकवणी म्हणजे ती लाल शाई.

पण धडा वाचायची पाळी त्या मुलावर आली की तासाचा रंग बदलायचा. तो 'शाळा'ला 'शाला' म्हणायचा, 'पाणी'ला 'पानी'. त्याच्या घरात, आळीत सगळेच तसं बोलायचे. बाई त्याला थांबवायच्या. पुन्हा म्हण. पुन्हा. वर्ग हसायला लागायचा, आणि बाई वर्गाला गप्प करायच्या नाहीत. ळ जिभेवर बसेपर्यंत उभं राहायचं असा नियम होता, आणि घंटा होईपर्यंत तो काही बसायचा नाही. दिवाळीनंतर त्यानं वाचणंच सोडलं. पाळी आली की म्हणायचा, "बाई, पुस्तक नाही आणलं," आणि सांगायच्या आत स्वतःच वर्गाबाहेर जाऊन उभा राहायचा. पुस्तक दप्तरात असायचं. मी त्याच्या पुढच्याच बाकावर होते, मला दिसायचं. नववीत तो मराठीत नापास झाला आणि दाखला घेऊन गेला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगते. पी.टी.चे सर कान पिळायचे, पण सगळ्यांचेच, आणि मैदानावर पडलेल्याला स्वतः उचलून दवाखान्यात न्यायचे. फी थकलेल्यांची नावं भर वर्गात वाचणारे एक वर्गशिक्षक होते. त्यांच्याबद्दल चांगलं आठवायचा मी प्रयत्न केला, काही सापडलं नाही.

विज्ञानाच्या सरांचं मात्र एक सांगायलाच हवं. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा खाली कारवारकडून गेला, पण आपल्याकडेही सूर्याचा मोठा भाग झाकला गेला होता. दुपारी ठाण्याच्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं, लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. सरांनी आरशावर मधोमध भोक पाडलेला कागद चिकटवला आणि त्यातून सूर्याचं प्रतिबिंब प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाडलं. चतकोर होत गेलेला सूर्य आम्ही भिंतीवर बघितला. मग त्यांनी आम्हाला आवारातल्या झाडाखाली नेलं. पानांच्या फटींतून पडणारा एकेक कवडसा कोरीच्या आकाराचा झाला होता, सगळी जमीन कोरींनी भरली होती. आम्ही जेमतेम दहा-बारा जण आलो होतो, बाकीच्यांना घरून सोडलं नव्हतं. सोमवारी सरांनी वर्गात दिवा, चेंडू आणि भोक पाडलेला पुठ्ठा मांडून सगळं पुन्हा दाखवलं. आम्हाला मागे बसवलं आणि जे आले नव्हते त्यांना पुढे घेतलं. ते का आले नाहीत, याबद्दल एक शब्द काढला नाही.

हे सर, भूगोलाचे सर आणि मराठीच्या बाई, तिघांचाही विषयावर सारखाच जीव होता. फरक होता तो त्यांच्यासमोर मागे पडलेल्या मुलाचं काय व्हायचं यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. छडीबद्दल आपण नेहमी बोलतो. वर्गाला हसू देण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते त्या मुलाची शाळा सुटली ती त्या हसण्यानंच.

काही वर्षांपूर्वी तो मला जांभळी नाक्यावर भेटला. मुलगी इंजिनियर झाली म्हणाला. शाळेचा विषय निघाल्यावर भूगोलाच्या सरांची चौकशी त्यानं आधी केली. बाईंचं नाव मी काढलं तेव्हा म्हणाला, "बाई शिकवायच्या मस्त. पण माझ्याकडे बघून कधी शिकवलं नाय." रागानं नव्हता म्हणत. त्यानंतर मी बाईंबद्दल कुठेही बोलले, तर त्याच्याबद्दलही बोलते. माझ्यासाठी त्या उत्तम शिक्षिका होत्या, आणि माझं मत खरंच आहे. पण मी त्यांची आवडती होते. आवडत्या विद्यार्थ्याच्या साक्षीवर शिक्षकाचा निकाल लावता येत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. मेळाव्याची आमंत्रणं एस.एस.सी.च्या निकालाच्या याद्या काढून पाठवली जातात, असं मला कळलं. त्यात आठवी-नववीत दाखला घेऊन गेलेलं कुणीच येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांची नावं आहेत, दाखला नेल्याची तारीखही आहे. आमच्या तुकडीपुरतं ते रजिस्टर बघून पत्ते शोधायचं काम मी करायला तयार आहे. कोळीवाड्यातली, खोपट आणि वागळे इस्टेटकडची बरीच घरं मला माहीत आहेत. बाकीच्या तुकड्यांसाठी प्रत्येकी एक जण पुढे आला, तर डिसेंबरच्या मेळाव्याआधी हे होईल.