गावची बिअर गावातच संपते

भारतातून आमच्याकडे जर्मनीत कुणी आलं की पहिल्याच दिवशी सुपरमार्केटमध्ये बिअरच्या बाटलीवरचा 1516 हा आकडा हेरतं आणि विचारतं, "पाचशे वर्षं जुनी कंपनी का गं ही?" आकडा कंपनीचा नाही, कायद्याचा आहे. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी 1516 मध्ये इंगोलश्टाटला फर्मान काढलं की बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडसर चव देणारी वेलीची फुलं) आणि पाणी याखेरीज काहीही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, कारण आंबवण्याचं काम नेमकं कोण करतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मूळ फर्मान वाचलं तर शुद्धतेपेक्षा भावाचीच चर्चा जास्त आहे. हिवाळ्यात काय दराने विकायची, उन्हाळ्यात किती चढा भाव घेता येईल, वगैरे. गहू आणि राय पावासाठी शिल्लक राहावेत हाही हिशोब त्यामागे होताच. गंमत म्हणजे पुढे 1602 मध्ये बव्हेरियाच्या याच राजघराण्याने गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि त्यातून तिजोरी भरली. राजाचा कायदा शेवटी राजाचाच! आज ज्याला सगळे 'शुद्धतेचा कायदा' म्हणतात ते नावसुद्धा 1918 मधलं, म्हणजे फर्मानानंतर चारशे वर्षांनी चिकटलेलं.

आमच्या एर्लांगनमध्ये मात्र या आकड्याचं कौतुक जरा जपूनच करावं लागतं. हे शहर फ्रँकोनियातलं, म्हणजे आजच्या बव्हेरियाच्या उत्तर भागातलं. 1516 मध्ये ते बव्हेरियात नव्हतंच; बव्हेरियाला जोडलं गेलं 1810 मध्ये. नकाशावर आज सगळं एकच राज्य दिसतं, पण इथल्या माणसाला 'बव्हेरियन' म्हणून बघा, चेहरा लगेच पडतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा तर बजावूनच सांगतात की आमच्याच फ्रँकोनियातल्या बांबर्गच्या बिशपने 1489 मध्येच असा नियम केला होता, म्युनिकवाले (म्हणजे बव्हेरियाच्या राजधानीतले) आमच्या मागून आले. आजोबा बरोबर आहेत.

माझं मत असं की जर्मन बिअरची कीर्ती जगाला दोनच गोष्टींतून कळते: तो कायदा आणि ऑक्टोबरफेस्ट ही म्युनिकची बिअरची जत्रा. दोन्ही म्युनिकच्या बाजूच्या. ऑक्टोबरफेस्टमध्ये म्युनिकच्या फक्त सहा मोठ्या ब्रुअरींनाच बिअर विकता येते आणि एक लीटरच्या मगासाठी पंधरा युरोच्या आसपास मोजावे लागतात. तिकडे जाऊन फोटो काढायला काहीच हरकत नाही. पण वारसा म्हणून जे काही आहे ते मला सापडलं इथल्या खेड्यांत. नुसत्या अप्पर फ्रँकोनिया जिल्ह्यात दीडशेहून जास्त ब्रुअरी आहेत. त्यातल्या कितीतरी ब्रुअरींची बिअर शेजारच्या गावाच्या पुढे जातच नाही. जाहिरात नाही, निर्यात नाही. चालवणारं एक कुटुंब, एक खानावळ, आणि मागच्या बाजूला तांब्याची मोठी कढई. घरोघरच्या गोड्या मसाल्यासारखा प्रकार आहे सगळा. जिन्नस तेच, पण एकीची चव दुसरीला येत नाही.

आउफझेस नावाचं गाव आमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे. आसपासच्या वाड्यावस्त्या धरून लोकसंख्या दीड हजारही नाही आणि ब्रुअरी चार. डोक्यामागे ब्रुअरींचं प्रमाण काढलं तर जगात सर्वांत जास्त, म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. चारही ब्रुअरींना जोडणारी तेरा-चौदा किलोमीटरची पायवाट आहे. शेतं, थोडं जंगल, मग एक चर्च, मग ब्रुअरी. प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि शेवटी प्रमाणपत्र. शिक्क्यांच्या नादात लोक भलतीच शिस्त पाळतात! हेकनहोफ वाडीतल्या काथी ब्रॉयच्या अंगणात रविवारी मोटरसायकलींची रांग लागते. लेदर जॅकेटवाले साठीचे काका आणि बाबागाडी घेऊन आलेली जोडपी एकाच बाकावर. काळसर, माल्टची (मोड आणून सुकवलेल्या जवाची) गोडी असलेली बिअर, सोबत राय पावाची जाड फोड. अर्ध्या लीटरला तीन-साडेतीन युरो. या अर्ध्या लीटरला इकडे झाइडला म्हणतात आणि लहान ग्लास मागितला की काउंटरवरची बाई आधी तुमच्याकडे नीट बघून घेते.

दुसरी गंमत केलरची. केलर म्हणजे तळघर, पण बसायचं असतं वर, झाडांखाली. पिंपाच्या तळाशी बसून बिअर आंबवणाऱ्या यीस्टला थंडावा लागतो, साधारण पाच ते दहा अंश. फ्रीज नव्हता तेव्हा डोंगरात भुयारं खोदून, हिवाळ्यात तळ्यातला बर्फ आणून भरायचे आणि वर सावलीसाठी चेस्टनट, लिंडन अशी झाडं लावायचे. मग कुणीतरी विचार केला असणार की पिंप गावात वाहून नेण्यापेक्षा लोकांनाच इकडे येऊ दे. एर्लांगनच्या टेकडीत अशी भुयारं आहेत आणि त्यांच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात इथली बिअर दूरदूर जायची. पुढे कार्ल फॉन लिंडे या इंजिनिअरने थंडाव्याचं यंत्र केलं, म्युनिकच्या ब्रुअरींनी ते बसवलं, आणि आमच्या टेकडीचा भाव उतरला. भुयारांवरची जत्रा मात्र 1755 पासून चालू आहे. ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास बारा दिवस अख्खं शहर टेकडीवर असतं आणि सीमेन्सपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांची कामं मंदावतात.

आई-बाबा कऱ्हाडहून आले होते तेव्हा बाबांना "बिअर प्यायच्या जागी जायचंय" हे सांगताना मीच चाचरत होते. आपल्याकडे परमिट रूम म्हणजे पडदे, अंधार आणि बाहेर रिक्षा. इथे बाबांना दिसली घसरगुंडी, चार आज्या आणि पत्त्यांचा डाव. बऱ्याच केलरवर स्वतःचं खाणं आणायची मुभा असते; म्युनिककडे तर राजाने 1812 मध्ये नियमच केला की ब्रुअरने बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला देऊ नये, म्हणजे खानावळवाल्यांचं पोट मारलं जाणार नाही. आईने थालीपीठं नेली होती. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी त्यांचं कांदा घातलेलं चीज पुढे केलं, आईने थालीपिठाचा तुकडा दिला. बाबा सफरचंदाचा रस घेऊन बसले आणि तासाभराने म्हणाले, "इथे कुणी ओरडत का नाहीये?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री जत्रेच्या टेकडीवर नेलं असतं तर मिळालं असतं.

हे सगळं टिकून राहील का, याची मला शंका आहे. 1970 च्या दशकात एक जर्मन माणूस वर्षाला दीडशे लीटरच्या घरात बिअर प्यायचा. आता आकडा नव्वदच्या खाली आलाय. तरुण पोरं बिनअल्कोहोलची बिअर घेतात, त्यात वाईट काही नाही, उलट बरंच आहे. पण खेड्यातल्या ब्रुअरीला मुलगा-मुलगी पुढे चालवायला तयार नसली की कढई थंड होते. आमच्या एर्लांगनची किट्झमान ब्रुअरी 1712 पासूनची, 2018 मध्ये बंद पडली. नाव विकत घेतलं कुल्मबाखच्या मोठ्या ब्रुअरीने. लेबलवर किट्झमान अजून दिसतं, बिअर दुसऱ्या गावात बनते.

कुणी येणार असाल तर मे ते सप्टेंबरमध्ये या. सोमवार-मंगळवार टाळा, खेड्यात बहुतेक जागा बंद असतात. खिशात रोख पैसे ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. बांबर्गला श्लेंकेर्लाची धुराची बिअर पिणार असाल तर आधीच सांगते: बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट सुकवतात, त्यामुळे पहिल्या घोटाला चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं. तिसऱ्या ग्लासानंतर आवडायला लागते असं बांबर्गचे लोक म्हणतात. माझी मजल दुसऱ्यापर्यंतच गेली आहे.