वारा चौदा, नियम वीस

वाऱ्याचं यंत्र मी छातीशी धरतो. त्या शनिवारी त्यावर ताशी १४ मैल दिसत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय रॉकेट्री संघटनेच्या नियमांत मर्यादा २० ची. म्हणजे कागदावर माझी चूक कुणालाच काढता येणार नाही, आणि तेच डाचतंय.

मध्य टेक्सासमधलं गुरांचं कुरण, मार्च महिना. मी मुलांच्या मॉडेल रॉकेट क्लबात बिनपगारी सुरक्षा अधिकारी. लोकांना वाटतं, उलटे आकडे मोजायचे नि बटण दाबू द्यायचं. खरं काम पालकांना दोरीमागे ठेवण्याचं. सकाळी एक रॉकेट विजेच्या तारेवर अडकलं, तर एक बाबा ॲल्युमिनियमची शिडी आणायला निघाले होते! दहा डॉलरच्या पुठ्ठ्यासाठी. तारेवरचं रॉकेट तिथंच सोडायचं असतं.

दुपारी एक अकरा वर्षांची मुलगी आली. क्लबात मला ‘काका’ म्हणणारी ती एकटीच. रॉकेट स्वतः बनवलेलं, जरा जड, फिन, म्हणजे शेपटाजवळचे पंख, हाताच्या पंजाएवढे. मोटर सी६-५, म्हणजे जळणं संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट. “काका, वर वारा जास्त आहे. सकाळची पॅराशूटं बघा ना, पार दुसऱ्या कुंपणापाशी गेली. आज नको उडवूया?”

मी तिला यंत्रावरचा आकडा दाखवला.

आता गणित सांगतो, कारण मला ते येत होतं. असं जड रॉकेट रॉड, म्हणजे सुरुवातीला त्याला सरळ ठेवणारी सळई, सोडताना फार तर ताशी ३० मैलांवर असतं. आडवा वारा १५ धरला, तर हवा त्याला समोरून न लागता जवळपास २७ अंश तिरपी लागते. फिन मोठे, म्हणून शेपूट वाऱ्याबरोबर ढकललं जातं नि नाक वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे वळतं. त्यात रॉड मीच वाऱ्याच्या दिशेनं थोडा कलता केला होता, परत येताना वाहून जाऊ नये म्हणून. हलक्या, वेगवान रॉकेटला हे चालतं. इथं मी वळायला मदतच केली.

रॉकेट वर गेलंच नाही. कमान टाकून गाड्यांच्या दिशेनं निघालं. “वर बघा! वर बघा!” ओरडताना माझा आवाज चिरकला. ते एका पिकअपच्या पुढं वीसेक फुटांवर नाक खुपसून पडलं. पॅराशूट त्यानंतर सुटलं, फस्स करून, गवतात. माझ्या पेटीत तीन सेकंदांच्या मोटरी पडून होत्या.

ती रडली नाही. चुरगळलेली नळी घेऊन आली. “पुढच्या वेळी पतंग आणते. दोरीला रिबिनी बांधू, म्हणजे वरचा वारा दिसेल.”

लाँच पॅडजवळ पतंगाची दोरी! मी अजून हो म्हटलेलं नाही.